तुझ्या घरी गॅस किती जळतो? थंडीतल्या हीटिंगची तुलना नीट कशी करायची

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा ऑनसाइट गेलेल्या कुठल्याही मराठी मुलाला जानेवारीत फोन करा, तिसऱ्या मिनिटाला गाडी बिलावर येते. "आमचं महिन्याला १४० पाउंड जातं, तुमचं?" "आमचं तर ९०च." झालं! १४० वाल्यांच्या घरात त्याच रात्री हीटिंग बंद, अंगावर दोन स्वेटर, आणि आठवड्याभरात खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी.

ही तुलना नेमकी कशाची झाली, हे मात्र कोणी विचारत नाही. बऱ्याचदा हे १४० आणि ९० म्हणजे गॅसचा वापरच नसतो. तिकडे बहुतेक लोक बिल डायरेक्ट डेबिटने भरतात, म्हणजे कंपनी वर्षभराच्या खर्चाचा अंदाज काढते, त्याचे १२ समान भाग करते आणि दर महिन्याला तेवढे पैसे खात्यातून उचलते. जुलैमध्ये हीटिंग बंद असतानाही तेवढेच, जानेवारीत दिवसरात्र चालू असतानाही तेवढेच. शिवाय त्यात वीज आली, रोजचा ठरलेला स्टँडिंग चार्ज आला, ५ टक्के व्हॅट आला. दोन घरांचे डायरेक्ट डेबिट शेजारी ठेवून 'आपण जास्त गॅस जाळतो' म्हणणं म्हणजे दोघांच्या ईएमआयवरून कोणाची गाडी किती ॲव्हरेज देते हे ठरवणं.

मग तुलना करायची कशी? फोनवर करता येते, आणि गणित दहावीच्या वरचं नाही.

आधी थोडं यंत्राबद्दल. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत पाइपने नैसर्गिक गॅस येतो. स्वयंपाकघरात किंवा कपाटात एक बॉयलर लटकलेला असतो. तो गॅस जाळून पाणी तापवतो, पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट 'आता पुरे' म्हणेपर्यंत हे चालू राहतं. कॉम्बी बॉयलर असेल तर नळाचं गरम पाणीही तोच देतो, म्हणजे आपला गॅस गिझर आणि हीटर एकाच डब्यात.

हे किती गॅस खातं? ब्रिटनची ऊर्जा नियामक संस्था ऑफजेम हिने २०२३ मध्ये मध्यम वापराच्या घरासाठी वर्षाला ११,५०० युनिट गॅस हा आकडा धरला. युनिट म्हणजे किलोवॅट-अवर, आपल्या विजेच्या बिलात असतं तेच. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १९० युनिट ऊर्जा असते. म्हणजे एका मध्यम ब्रिटिश घराला वर्षाला साठेक सिलिंडर लागतात, आणि त्यातले बरेचसे ऑक्टोबर ते मार्चमध्ये संपतात. इकडे घरी आईला हा आकडा सांगितलात तर ती आधी विचारेल, 'रोज पुरणपोळ्या करता का?'

मीटर ते युनिट

गॅस मीटर युनिट मोजत नाही, घनमीटर मोजतो. (पुण्या-मुंबईत पाइप गॅस असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, त्यांच्या बिलात एससीएम असतं तेही घनमीटरच.) ब्रिटनमध्ये मात्र बिल युनिटमध्ये येतं, आणि मधला हिशोब बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो:

घनमीटर × १.०२२६४ × कॅलरिफिक व्हॅल्यू ÷ ३.६ = युनिट

१.०२२६४ हा तापमान आणि दाबासाठीचा ठरलेला गुणक. कॅलरिफिक व्हॅल्यू म्हणजे एक घनमीटर गॅस जाळल्यावर किती ऊर्जा मिळते ते. हा आकडा गॅस कुठून आला यावर थोडा बदलतो, साधारण ३९ च्या आसपास असतो आणि बिलावर छापलेला असतो. घाईत असाल तर एक घनमीटर म्हणजे ११.२ युनिट धरा, फारसं चुकणार नाही.

आता मीटरसमोर जा, टॉर्च लावा, फोटो काढा. लाल रंगातले किंवा दशांश चिन्हापुढचे आकडे सोडून द्या. फोटोचा फायदा असा की तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. एक गोष्ट मात्र नक्की बघा, मीटरवर घनमीटर लिहिलंय की घनफूट. जुन्या घरांत अजूनही घनफुटाचे मीटर सापडतात. ते शंभर घनफुटांत मोजतात आणि त्यांचा आकडा घनमीटरमध्ये आणायला २.८३ ने गुणावं लागतं. कंपनीच्या नोंदीत मीटरचा प्रकारच चुकीचा असेल तर बिल जवळजवळ तिप्पट येऊ शकतं किंवा एक तृतीयांश. घर बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात बिल आणि मीटरचा फोटो शेजारी ठेवून बघायची गोष्ट आहे ही. तसंच बिलावरचं रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की अंदाजे लिहिलंय, तेही बघून घ्या. अंदाजे रीडिंगवर कसलीही तुलना करू नका.

स्मार्ट मीटर असेल तर काम सोपं. कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा, कधीकधी अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर दिसतो. पण घरातल्या छोट्या डिस्प्लेवर गॅसचा आकडा विजेसारखा लगेच हलत नाही, कारण गॅसचा स्मार्ट मीटर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी वाचवायला अर्ध्या तासाने एकदाच माहिती पाठवतो. हीटिंग चालू करून डिस्प्लेकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही.

खरा घोळ: थंडी सगळीकडे सारखी नसते

समजा तुम्ही लीड्सला राहता आणि तुमची मैत्रीण रेडिंगला. जानेवारीच्या पहिल्या १४ दिवसांत तुमचं मीटर ४,३१२ वरून ४,३९६ वर गेलं, म्हणजे ८४ घनमीटर. कॅलरिफिक व्हॅल्यू ३९.५ धरली तर ९४२ युनिट. मैत्रिणीचे आले ७५०. तुम्ही उधळे?

थांबा. त्याच १४ दिवसांत लीड्सला बाहेरचं सरासरी तापमान ४.५ अंश होतं आणि रेडिंगला ७.५, असं धरू. इथे डिग्री-डे नावाची एक साधी, भारी कल्पना कामाला येते. ब्रिटनमध्ये १५.५ अंश ही रेषा धरतात. बाहेर त्याच्या वर असेल तर हीटिंग लागत नाही, खाली जितके अंश तितकी गरज. रेषा १५.५ वर का, २० वर का नाही? कारण घरातली माणसं, फ्रिज, लॅपटॉप, स्वयंपाक आणि खिडकीतून येणारं ऊन मिळून घर दोन-चार अंश फुकटात तापवतात.

तर लीड्सला रोजचे १५.५ वजा ४.५, म्हणजे ११ डिग्री-डे, १४ दिवसांचे १५४. रेडिंगला रोजचे ८, एकूण ११२. हे आकडे हाताने काढायचीही गरज नाही, डिग्रीडेज डॉट नेट या साइटवर जवळच्या हवामान केंद्राचे तयार मिळतात.

अजून एक वजाबाकी. अंघोळ आणि स्वयंपाकाचा गॅस थंडीवर फारसा अवलंबून नसतो, तो बाजूला काढायला हवा. उन्हाळ्यात रोज किती युनिट लागतात ते बघा, तोच हा आकडा. दोघींचे रोजचे ६ धरले तर १४ दिवसांचे ८४. उरलं ते हीटिंग. तुमचं ८५८ युनिट भागिले १५४, म्हणजे एका डिग्री-डेला ५.६. मैत्रिणीचं ६६६ भागिले ११२, म्हणजे ५.९.

बिल तिचं कमी, पण त्याच थंडीत ती तुमच्यापेक्षा थोडा जास्त गॅस जाळते. आणि तुमचं घर ८५ चौरस मीटरचं, तिचा फ्लॅट ५० चा असेल तर प्रत्येक चौरस मीटरमागे तिचा खर्च जवळजवळ पावणेदोन पट निघतो. तुम्ही गारठून बसायचं काहीच कारण नव्हतं. भिंती तिच्या बघायला हव्यात.

घराचं क्षेत्रफळ माहीत नसेल तर ईपीसी बघा, म्हणजे घराचं ऊर्जा प्रमाणपत्र. इंग्लंडमध्ये पोस्टकोड टाकून सरकारी साइटवर ते कोणालाही फुकट बघता येतं. त्यात ए ते जी असा दर्जा असतो, चौरस मीटर असतात, भिंत भरीव विटांची आहे की मधे पोकळी असलेली तेही असतं. १९२० च्या आधीची घरं बहुतेक भरीव भिंतींची, त्यांतून उष्णता भराभर जाते. रांगेतल्या मधल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब मिळते, टोकाच्या घराची एक अख्खी भिंत वाऱ्यावर. हे सगळं त्या ५.६ मध्ये दडलेलं असतं, त्यामुळे दोन वेगळ्या घरांची तुलना शेवटी 'साधारण' एवढीच राहते.

आणि मैत्रिणीच्या बेडरूममध्ये विजेचा हीटर असेल तर? मग तिचा गॅस कमी दिसेलच, पण वीज बघा. २०२५ मध्ये प्राइस कॅपखाली गॅसचा युनिट साधारण ६ ते ७ पेन्सला होता, विजेचा २५ ते २७ ला. म्हणजे तेवढीच उष्णता चौपट भावाने.

स्वतःशीच तुलना करा, ती जास्त कामाची

माझ्या मते खरी मजा इथे आहे. गुगल शीट्समध्ये दर रविवारी एक ओळ भरा, त्यात आठवड्याचे डिग्री-डे आणि आठवड्याचे गॅस युनिट. सात-आठ आठवडे झाले की स्लोप आणि इंटरसेप्ट ही दोन फंक्शन लावा. स्लोप म्हणजे घराची गळती, एका डिग्री-डेला किती युनिट. इंटरसेप्ट म्हणजे अंघोळ-स्वयंपाकाचा आठवड्याचा गॅस. दोन्ही वेगळे होऊन हातात येतात, उन्हाळ्याची वाट बघावी लागत नाही. ठिपके रेषेच्या आसपास नसून इकडेतिकडे विखुरले असतील तर समजा, हीटिंग हवामानाप्रमाणे नाही, रूममेट्सच्या मूडप्रमाणे चाललंय.

आता एकेक बदल करून बघता येतो. 'दिवसभर मंद चालू ठेवलेलं स्वस्त की लागेल तेव्हाच?' हा वाद तर प्रत्येक शेअर्ड घरात असतो. दोन आठवडे असं, दोन आठवडे तसं करा आणि बिलाऐवजी एका डिग्री-डेचे युनिट बघा. साध्या घरात बहुतेक वेळा 'लागेल तेव्हाच' जिंकतं, कारण घर जितका वेळ गरम तितका वेळ उष्णता बाहेर जाते. फरक पाच-सात टक्क्यांचाच दिसला तर मी त्याला महत्त्व देत नाही. तेवढा फरक वारा, ऊन किंवा वीकेंडला आलेल्या पाहुण्यांनीही पडतो.

दुसरा प्रयोग बॉयलरच्या फ्लो टेम्परेचरचा. रेडिएटरकडे जाणारं पाणी किती तापवायचं तो हा आकडा, खोलीच्या थर्मोस्टॅटपेक्षा वेगळा. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवे बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे असावे लागतात. हे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतात, पण परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे नीट जमतं. फ्लो ७५-८० वर ठेवला असेल तर महागाच्या यंत्राचा हा गुण वायाच जातो.

कमी फ्लोवर घर तापेल का? वरचाच आकडा घ्या. ५.६ युनिट भागिले २४ तास, त्यात बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर एका अंशाला सुमारे ०.२१ किलोवॅट. बाहेर उणे २ असताना, १५.५ च्या रेषेपासून साडेसतरा अंशांसाठी, लागले ३.७ किलोवॅट. आणि भिंतीवर लटकलाय २४ किंवा त्याहून जास्त किलोवॅटचा कॉम्बी! एवढा मोठा तो शॉवरसाठी असतो, नळातलं पाणी जाता जाता तापवायला. हीटिंगला त्याची एवढी ताकद लागत नाही. म्हणून फ्लो ६० वर आणून बघायला हरकत नाही. खोल्या तापायला जरा जास्त वेळ लागेल, इतकंच. मात्र घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर हा प्रयोग करू नका. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. आणि सेटिंग बाहेरच्या बटणांवरून करायचं. बॉयलरचं झाकण उघडायचं काम फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचं.

थर्मोस्टॅट किती खाली न्यायचा याला मात्र तळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशातल्या घरांसाठी १८ अंश ही सुरक्षित किमान पातळी सुचवली आहे, आणि लहान मुलं, वयस्कर किंवा दम्याची माणसं असतील तर त्याहून जास्त लागू शकतं. आपल्याकडच्या स्वयंपाकाची वाफ, कुकरच्या शिट्ट्या आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे यांची सगळी ओल थंड भिंतीवर जाऊन बसते, आणि तिथेच बुरशी धरते. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये बुरशी असलेल्या घरात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना २०२५ पासून लागू झाला.

भाड्याच्या घरात तुमचा एका डिग्री-डेचा आकडा तशाच घरांपेक्षा खूप जास्त येत असेल, तर स्वेटर वाढवण्याआधी ईपीसी उघडा. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी भाड्याचं घर साधारणपणे ई दर्जाच्या खाली चालत नाही, काही नोंदलेले अपवाद सोडून. एफ किंवा जी दिसलं, तर घरमालकाला पाठवायच्या ईमेलला तीन गोष्टी जोडा, त्या प्रमाणपत्राची लिंक, मीटरचे तारखेसह फोटो आणि तुमची शीट.