पालनी

काठी गावच्या होळीचे फोटो आता सगळ्यांच्या पाहण्यातले आहेत. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. हा बुध्या. तिकडे अक्कलकुव्याच्या डोंगरात जाताना वाटेत होळीआधीचे भोंगऱ्या बाजार लागतात. डाळ्या-गुळाच्या त्या गर्दीत एखादा तरुण अनवाणी, जरा बाजूला उभा दिसतो. तोही बुध्याच, पण अजून त्याला कोणी ओळखत नाही. त्याची पालनी सुरू झालेली असते.

पालनी म्हणजे नवसाचं व्रत. ती धरलेल्याने खाटेवर बसायचं नाही, निजायचं ते जमिनीवर. स्वतःचं अन्न स्वतःच रांधायचं. बायकोपासून लांब राहायचं. आंघोळ करायची नाही. घरात आजारी पडलेलं माणूस उठून बसावं किंवा पीक हाती यावं म्हणून केलेला हा नवस असतो, तेव्हा त्यात सूट मागायची कोणाकडे?

मी पाहिला तो पोरगा पहिल्यांदाच बुध्या होत होता. दुपारी त्याचे काका त्याला रंगवायला बसले. राख पाण्यात कालवलेली. बोट बुडवायचं, टेकवायचं, उचलायचं. छातीपासून सुरुवात झाली, मग दंड, पाठ, पोटऱ्या. ठिपका ओला असताना जेमतेम दिसतो, वाळला की पांढराफटक उठतो. मधेच पोरगा पाठ टेकायला गेला तसे काका म्हणाले, "हलू नको रे, ओघळ येतो." भोपळे बांधायला मात्र दोघं लागले. सैल राहिले तर नाचताना आपटून फुटतात, फार आवळले तर वाजत नाहीत.

काठी हे पश्चिम खानदेशातल्या मेहवासी संस्थानांपैकी एक होतं. इथली राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली, असं तिथले लोक सांगतात. होळीच्या उंच बांबूसाठीचा खड्डा हातांनीच उकरतात, त्याला हत्यार लावत नाहीत. रात्रभर ढोल चालतो आणि पहाटे होळी पेटते.

हल्ली हाच वेश शहरातल्या मंचांवर दिसतो. नाच तसाच असतो, पावलंही चुकत नाहीत. तरी मला तो अपुराच वाटतो. बुध्याच्या नाचातला जोर आधीच्या दिवसांच्या संयमातून येतो, आणि ते दिवस मंचावर आणता येत नाहीत.

होळी पेटल्यावर पोरगा थांबला नाही. पुढच्या गावांच्या होळ्या बाकी होत्या आणि त्या झाल्याशिवाय पालनी सुटत नाही. काकांनी त्याच्या कमरेचा एक भोपळा तडकलेला पाहिला, तो सोडवून दुसरा बांधला, आणि दोघं मोलगीच्या रस्त्याला लागले.