सरकारचे ताट आणि रेशनचे धान्य

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ नंतर थेट २०२४ मध्ये भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. वजन कमी करू पाहणाऱ्यांनी त्यातला एक आकडा नीट वाचावा: दिवसभराच्या ऊर्जेपैकी धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नको. डाळी, अंडी, मांस-मासे मिळून १४-१५ टक्के हवेत. निम्मे ताट भाज्या-फळांचे.

आम्ही काही कार्यकर्त्यांनी हे ताट महिनाभर करून पाहिले. २००० किलोकॅलरीसाठी कच्चे धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम. वजनकाटा घेऊन बसलो तेव्हा कळले, की चपात्या आणि भात मिळून आमचे धान्य ४०० ग्रॅमच्या घरात जाते. भात कमी करणे जमले. डाळ-भाजी वाढवणे खिशाला जड गेले. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो देतो तेही धान्यच, डाळ त्या हक्कात नाहीच. आणि स्वस्तात प्रथिने देणारे बैलाचे मांस राज्यात २०१५ पासून बंद! एका हाताने धान्य कमी करा म्हणायचे, दुसऱ्या हाताने तेवढेच वाटायचे.

तरी सल्ला कामाचा आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे, १००० किलोकॅलरीच्या खाली जाऊ नये, प्रोटीन पावडर टाळावी, असेही तीच तत्त्वे सांगतात. जिममध्ये महागडे डबे घेणाऱ्या आपल्या पोरांना हे जरूर दाखवा. आम्ही सध्या मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ आणि उकडलेल्या अंड्यावर भागवतो आहोत.