बोट वर गेलं, वाद पेटला!

दीपनगरच्या वसाहतीत खेळा की भुसावळच्या गल्लीत, टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू सहसा नसतोच. कारण साधं आहे. अंपायर म्हणून बॅटिंगवाल्यांचाच गडी उभा असतो, आणि आपल्याच दोस्ताला पायचीत देणार कोण? पोरांनी तो नियमच उडवून टाकला. मोठ्यांच्या क्रिकेटला ही सोय नाही, म्हणून तिथली भांडणंही मोठी!

फेब्रुवारी 1981, मेलबर्न. सुनील गावसकर 70 वर खेळत होते. ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर अंपायर रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावसकरांचं म्हणणं. ते इतके भडकले की जोडीदार चेतन चौहानलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेपाशी संघाचे मॅनेजर दुराणी आडवे आले आणि त्यांनी चौहानला परत पाठवलं, म्हणून सामना वाचला. पुढची गंमत अशी, की ऑस्ट्रेलियाला जिंकायला हव्या होत्या फक्त 143 धावा आणि त्यांचा डाव आटोपला 83 वर. दुखऱ्या पायाने गोलंदाजी करत कपिलदेवने 28 धावांत 5 बळी घेतले. तेव्हा खरोखरच वॉकआउट झाला असता, तर हा विजय कुठला? गावसकरांनीही पुढे त्या वागण्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

त्याच्या वर्षभर आधी वानखेडेवर अगदी उलटं घडलं. इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं; पण बॅट लागलेली नाही, हे भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना पटलं आणि त्यांनी टेलरला परत बोलावलं. टेलर-बोथम जोडीने 171 धावा जोडल्या आणि भारत 10 गडी राखून हरला. पराभव महाग पडला खरा, पण त्या कसोटीचं नाव निघालं की आजही बोथमइतकीच विश्वनाथची आठवण निघते.

मग अशा वादांत पडदा मदतीला आला. नोव्हेंबर 1992, डर्बन. टीव्हीच्या पडद्यावर बघून बाद दिलेला कसोटीतला पहिला फलंदाज कोण? आपला सचिन! धावबाद 11.

बेसबॉलवाले या पडद्याच्या बाबतीत बरेच मागे राहिले. जून 2010 मध्ये डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गलारागा एकालाही बेसवर पोहोचू न देता शेवटच्या, 27व्या खेळाडूपर्यंत आला. तो खेळाडू बाद असताना अंपायर जिम जॉइस यांनी ‘सेफ’ दिला. सामन्यानंतर व्हिडिओ पाहून जॉइस यांनी थेट माफी मागितली. दुसऱ्या दिवशी गलारागा स्वतः संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गेला, तेव्हा अंपायरच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता आपल्या मातीकडे या. चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीनदा गदा आणल्यापासून खानदेशात महाराष्ट्र केसरी म्हणजे घरचं कार्य! जानेवारी 2023 मध्ये पुण्यात उपांत्य फेरीत महेंद्र गायकवाडच्या टांगेला चार गुण मिळाले आणि सिकंदर शेख हरला. ते चार गुण खरे की खोटे, यावर गावोगावच्या पारांवर खल झाला. त्या वर्षीची गदा शिवराज राक्षेने जिंकली. नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने त्याच शिवराजला हरवून गदा उचलली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला फासा फिरला. पृथ्वीराज मोहोळने शिवराजला चितपट केल्याचा निर्णय झाला. पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ बघा, असं शिवराजचं म्हणणं. संतापात त्याने पंचांना लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम लढतीत महेंद्रही निर्णयावर चिडून मॅट सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

पंचांवर पाय उचलणाऱ्याची बाजू कुणीच घेऊ नये. पण व्हिडिओ दाखवा, ही मागणी रास्तच होती. आंतरराष्ट्रीय कुस्तीत निर्णयाला आव्हान देता येतं, आव्हान फसलं तर एक गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. वर्षभर घाम गाळणाऱ्या आपल्या मल्लांना तो पडदा तिथल्या तिथे, सगळ्या मैदानाला दिसेल असा मिळालाच पाहिजे.