घरची म्हातारी माणसे आणि लकवा



तोड आली की सारे घर फडावर जाते. मागे उरतो म्हातारा नाहीतर म्हातारी. "त्यांना काय, बसून तर राहायचं," असे आपण म्हणतो. पण धोका तिथेच असतो.

गडचिरोली जिल्हा उसाचा नव्हे, धानाचा आणि जंगलाचा. तिथे डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ खेड्यांतल्या दोन वर्षांतील १,५९९ मृत्यूंची कारणे तपासली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. २२९ माणसे, म्हणजे सातांत एक, लकव्याने गेली होती. सर्वांत मोठे कारण तेच. आणि त्यांतली शंभरात सत्त्याऐंशी घरीच गेली.

म्हणजे खेड्यात आजारी म्हाताऱ्याचा दवाखाना घर हाच असतो. मग घरच्यांना शिकवायला नको का? याच संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतल्या बायकांना शिकवून घरोघर तान्ह्या बाळांची देखभाल करायला लावली. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. शिकलेली बाई घरी आली तर तान्ह्याचे भले होते, तसे म्हाताऱ्याचेही का होऊ नये?

सभासदांनी एवढे करावे :

१. आशाताईंच्या तक्त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत : चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरतात का. ते भरून घ्या.

२. रक्तदाब दर महिन्याला मोजा. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका. लकव्याचे मोठे कारण वाढलेला रक्तदाबच.

३. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते.

४. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. लुळा हातपाय रोज हलवून द्या. संडासात धरायला दांडी बसवा.

आणि तोडीच्या दिवसांत दुपारी एकदा कोणीतरी घरी डोकावलेच पाहिजे. ते कोणी डोकावायचे, हे सकाळी फडावर निघण्यापूर्वीच ठरवा.