दोषाची वर्दी कोणाला?

रायपूरच्या दक्षिणेस असलेले अभनपूर हे तालुक्याचे गाव. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालील छत्तीसगड १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेले. पुढे १९०० साली रायपूर–धमतरी अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि तिचा राजिमकडे जाणारा फाटा अभनपूरहून निघू लागला. अडीच फुटी रुळांवरून आलेला तांदूळ आणि लाकूड रायपूरला मोठ्या वाघिणींत चढवावे लागे. आता तेथे रुंद रूळ आले असून ३० मार्च २०२५ पासून अभनपूर–रायपूर मेमू गाडी धावते. ती ज्या नवा रायपूरमधून जाते, तेथेच मे २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. एक हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा गाजली. मला मात्र एका प्रश्नाची फारशी चर्चा आढळली नाही. या यंत्रांत बिघाड झाला, तर त्याची वर्दी कोणाला मिळणार?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. डेटा सेंटरमधील एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालतात. चाळीतील बिऱ्हाडांप्रमाणे प्रत्येक जण आपल्या खोलीत स्वतंत्र असतो, पण पाया, पाणी आणि जिना सामाईक. एरवी भाडेकरूची प्रत्येक मागणी चाळमालकाच्या, म्हणजे मूळ संगणकावरील नियंत्रक प्रणालीच्या हातून जाते. तेवढा वेळ परवडत नसेल, तेव्हा ग्राफिक्स प्रोसेसर किंवा नेटवर्क कार्ड यांसारखे एखादे यंत्र थेट एका भाडेकरूच्या स्वाधीन केले जाते. यालाच ‘पास-थ्रू’ म्हणतात. ते यंत्र इतरांच्या स्मृतीत हात घालू नये, म्हणून ‘आयओएमएमयू’ नावाचा पहारेकरी वाटेत उभा असतो.

यंत्र भाडेकरूच्या हाती आले तरी त्याच्या दोषाची खबर आधी मालकाकडेच जाते. पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या नियमांत दोषांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील दोष यंत्रणा स्वतःच दुरुस्त करते. दुसऱ्या वर्गात एखादा व्यवहार बिघडतो, पण जोडणी टिकते. तिसऱ्यात जोडणीच विश्वासार्ह राहत नाही. पहिल्या वर्गाच्या नोंदी बहुधा मालकाच्याच दप्तरात राहतात आणि भाडेकरूला त्यांचा पत्ता नसतो. लिनक्सवर रूढ असलेल्या क्यूईएमयू प्रणालीत थेट दिलेल्या यंत्रात दुरुस्त न होणारा दोष आला, तर अनेक वर्षे चालत आलेला उपाय एकच आहे: त्या भाडेकरूचा आभासी संगणक जागीच थांबवायचा. शेजारी वाचतात, ही त्यातील जमेची बाजू. पण ज्याचे काम थांबले त्याला सावरण्याची संधी मिळत नाही. आयबीएमच्या पॉवर संगणकांत मात्र दोष आलेले यंत्र गोठवून भाडेकरूच्या प्रणालीला तसे कळवण्याची आणि तिच्याकडूनच ते पुन्हा सुरू करवून घेण्याची सोय आहे. म्हणजे मार्ग अशक्य नाही.

असे दोष विरळा असतात, हा समजही सोडून द्यावा. ‘मेटा’ कंपनीने २०२४ मध्ये ‘लामा ३’ या प्रारूपाविषयीच्या निबंधात स्वतःच आकडे दिले आहेत. १६,३८४ ग्राफिक्स प्रोसेसरांवर चाललेल्या प्रशिक्षणात ५४ दिवसांत ४१९ अनपेक्षित खंड पडले. त्यांपैकी सुमारे ७८ टक्के यंत्रसामग्रीच्या सिद्ध किंवा संशयित दोषांमुळे होते. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये तर त्याहून बिकट प्रकार मांडला: काही प्रोसेसर कोणतीही वर्दी न देता क्वचित चुकीचे उत्तर देतात. थांबलेले यंत्र निदान दिसते, चुकीचा हिशेब करणारे दिसत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे १८६६ चा ओडिशाचा दुष्काळ आठवतो. पिके बुडाल्याची चिन्हे १८६५ च्या अखेरीसच दिसत होती. तरी कलकत्त्याच्या महसूल मंडळाने बाहेरून तांदूळ आणण्याची निकड वेळेवर मानली नाही, आणि पावसाळा सुरू झाल्यावर तांदूळ पोहोचवणे जवळजवळ अशक्य झाले. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. धान्याचे चढते भाव, आटत जाणारा दानधर्म, वाढते गुन्हे, कामाच्या शोधात भटकणारी माणसे ही पूर्वचिन्हे खालून वर कळवणे त्यांनी कर्तव्य ठरवले. संहितेने दुष्काळ थांबले नाहीत. १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ छत्तीसगडनेही भोगले. पण धोक्याची किरकोळ भासणारी नोंदही दप्तरात पडून राहता कामा नये, हे तत्त्व प्रशासनात रुजले. माझ्या सेवाकाळात तपासणीस गेलो की मी आवक-नोंदवही प्रथम मागवीत असे. वर्दी आली कधी आणि पुढे गेली कधी, या दोन तारखांतले अंतर कार्यालयाची प्रकृती सांगून जाई.

सरकार आज स्वतःच भाडेकरू होत आहे. केंद्राचा ‘मेघराज’ उपक्रम २०१३ पासून सरकारी कामे क्लाउडवर नेत आहे. जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, धानखरेदीची नोंदणी ही कामे उद्या खासगी यंत्रांवर गेली, तर करारात काय लिहिले आहे याला महत्त्व येईल. सध्या करारांचा भर मुख्यतः सेवा किती टक्के वेळ चालू राहील यावर असतो. त्यात तीन अटी वाढवाव्यात. ज्या यंत्राचा ताबा सरकारी कामाला दिला आहे, त्याच्या दुरुस्त झालेल्या दोषांच्या नोंदीही त्या भाडेकरूला दिसाव्यात. दुरुस्त न होणारा दोष आल्यास त्याची वेळ आणि यंत्र कळवावे, म्हणजे त्या काळातील व्यवहार पुन्हा पडताळता येतील. आणि दोषी ठरलेले यंत्र पूर्ण तपासल्याखेरीज दुसऱ्या भाडेकरूला देऊ नये.

कंपन्या दोन हरकती घेतील: इतर भाडेकरूंची गुपिते फुटतील आणि क्षुल्लक नोंदींनी घबराट होईल. पहिलीला उत्तर सोपे आहे, कारण मागणी फक्त स्वतःच्या यंत्राच्या नोंदींची आहे. दुसरीत तथ्य आहे. म्हणून किती नोंदींनंतर इशारा द्यायचा, ही मर्यादा आधीच ठरवावी.

अभनपूर तालुक्यातील शेतकरी आपले धान सहकारी समितीच्या काट्यावर घालतो आणि पैशांची वाट पाहतो. त्याच्या खात्यात एखादा आकडा चुकला, तर समितीचा कर्मचारी ‘संगणकात असेच आहे’ म्हणून हात वर करतो, आणि शेतकऱ्याजवळ प्रतिवाद करायला पुरावा नसतो. त्या क्षणी यंत्र दोषी होते, अशी नोंद कुठेतरी असेल, तर ती त्याच्या तक्रारीच्या कागदापर्यंत पोहोचण्याची वाट करारातच आखून द्यावी लागेल. निविदा निघण्यापूर्वी हे होऊ शकते. नंतर ते फार महाग पडेल.