तोल गेलेले मांजर आणि ‘लकवा’ नावाचा गैरसमज

चालता चालता मांजर एका कुशीवर कलंडू लागले, नेहमीच्या ओट्यावरची उडी चुकून खाली आपटले किंवा मागचे पाय फरशीवरून ओढत सरकू लागले, की ‘लकवा मारला’ असे म्हणून घरातली चर्चा बहुधा तिथेच संपते. या एका शब्दाबरोबर आणखी दोन समजुती न तपासता स्वीकारल्या जातात: दुखणे नसांचे आहे म्हणून त्यावर औषध नाही, आणि औषध नाही म्हणून मांजराला नशिबावर सोडणे किंवा इंजेक्शन देऊन कायमचे झोपवणे एवढाच मार्ग उरतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांपायी बरी होऊ शकणारी मांजरे जीव गमावतात, म्हणून त्यांचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे. लकवा हे निदान नव्हे. ताप आलेल्या मुलाला तपासून ‘ताप आला आहे’ एवढेच सांगणाऱ्या डॉक्टरवर कोणी विश्वास ठेवणार नाही. मांजराच्या बाबतीत मात्र तेवढ्याच उत्तरावर समाधान मानले जाते.

मुळात लकवा आणि तोल जाणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. लकव्यात मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोचत नाही किंवा स्नायूंना ती पाळता येत नाही, त्यामुळे पायांतली शक्ती जाते. तोल जातो तेव्हा पायांत जोर पुष्कळ असू शकतो, पण पाऊल कोठे, कधी आणि किती उचलून टाकायचे याचा हिशेब चुकलेला असतो. या दुसऱ्या अवस्थेला वैद्यकात अटॅक्सिया म्हणतात आणि तिचा उगम मुख्यतः तीन ठिकाणी असतो. आंतरकर्णात, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागात, आणि त्याच्याशी जोडलेल्या मेंदूतील केंद्रांत डोक्याची स्थिती ओळखणारी यंत्रणा असते. ती बिघडली की मान एका बाजूला कलते आणि मांजर बहुधा त्याच बाजूला पडते किंवा गोल गोल फिरते. अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, हालचालीचे माप ठरवतो; तो अपुरा असेल तर पाय गरजेपेक्षा उंच उचलले जातात आणि वाटीकडे तोंड नेताना डोके थरथरू लागते. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब आला किंवा त्याला इजा झाली, तर पाय कोठे आहेत याची खबर मेंदूला मिळत नाही, मग पाय एकमेकांत अडकतात, पंजा उलटा टेकला जातो आणि येथे अटॅक्सियाच्या जोडीला खरा अशक्तपणाही दिसतो. चाल नीट पाहणाऱ्या पशुवैद्यकाला बिघाड कोठे आहे याचा अंदाज पुष्कळदा कोणत्याही महागड्या तपासणीआधीच बांधता येतो.

घरातल्यांची सर्वाधिक घाबरगुंडी उडते ती आंतरकर्णाच्या बिघाडाने. काल रात्रीपर्यंत ठणठणीत असलेले मांजर सकाळी उभे राहू शकत नाही, मान वाकडी झालेली असते, बुबुळे आपोआप एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झटके देत हलतात (या हालचालीला नेत्रदोल म्हणतात), ओकारी येते आणि मांजर केविलवाणे ओरडते. हे पाहून मेंदूत काहीतरी फुटले असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अशा मांजरांपैकी बऱ्याच जणांना मधल्या किंवा आतल्या कानाचा संसर्ग झालेला असतो, काहींच्या मध्यकर्णात पॉलिप नावाची मांसल गाठ वाढलेली असते, आणि उरलेल्यांपैकी अनेकांत सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही. कारण न सापडलेल्या या प्रकाराला अज्ञातहेतुक व्हेस्टिब्युलर विकार म्हणतात. त्याच्याविषयीचा गैरसमज विशेष दुःखद आहे, कारण ‘डॉक्टरांनाही काही कळले नाही’ याचा अर्थ ‘आशा नाही’ असा घेतला जातो, आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. अज्ञातहेतुक प्रकारात पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुधारणा दिसू लागते आणि बहुतेक मांजरे दोन ते चार आठवड्यांत कोणत्याही खास औषधाविना पूर्ववत चालतात. काहींची मान किंचित कलती राहते, पण त्यामुळे त्यांचे खाणे, खेळणे वा उडी मारणे अडत नाही. पहिल्याच दिवशी मांजर झोपवण्याचा निर्णय घेणे म्हणजे आपोआप उतरणाऱ्या आजारासाठी प्राण घेणे होय. नेत्रदोल वर-खाली होत असेल, मांजर गुंगीत असेल किंवा पायांत अशक्तपणाही असेल, तर मात्र बिघाड कानात नसून मेंदूत असण्याची शक्यता वाढते आणि पुढच्या तपासण्या टाळता येत नाहीत.

पिलांच्या बाबतीत ‘लकवा’ हाच शब्द आणखी क्रूर ठरतो. चालायला लागल्यापासूनच डुलत, थरथरत, पाय फाकवून चालणारे पिल्लू ‘जन्मतः लकव्याचे’ ठरवून टाकून दिले जाते. अशी अवस्था आनुवंशिक असावी असे शास्त्रज्ञही पूर्वी मानत असत. किलहॅम आणि मार्गोलिस या संशोधकांनी 1966 मध्ये तिचे मूळ विषाणूत असल्याचे दाखवले, आणि पुढच्या वर्षी तो विषाणू मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाचाच, म्हणजे पांढऱ्या पेशी घटवणाऱ्या जीवघेण्या संसर्गाचाच, असल्याचे स्पष्ट झाले. मांजरी गाभण असताना किंवा पिल्लू जन्मल्यानंतर लगेच हा संसर्ग झाला, तर लहान मेंदूतील वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि तो अवयव खुरटलेला राहतो. जे नुकसान व्हायचे ते तेव्हाच होऊन गेलेले असते. ते वाढत नाही, त्यात वेदना नसते आणि सौम्य वा मध्यम त्रास असलेली पिले पूर्ण आयुष्य जगतात. महिनोन्महिने जी चाल बिघडतच जाते ती या विकाराची नव्हे, तिचे कारण वेगळे शोधावे लागते. प्रतिबंध सोपा आहे: मांजरीचे लसीकरण गर्भधारणेपूर्वी व्हावे, कारण जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस गाभण मांजरीला दिली तर तीच पिलांच्या लहान मेंदूला इजा करू शकते.

‘लकवा’ हाच शब्द दुसऱ्या टोकालाही मारक ठरतो, कारण जेथे घाई करायची तेथे तो थांबायला लावतो. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, मांजर वेदनेने किंचाळत असेल, पाय हाताला गार लागत असतील आणि तळव्याच्या गाद्या फिकट किंवा निळसर झाल्या असतील, तर तो नसांचा आजारच नव्हे. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या शेवटी, जेथे तिच्या मागच्या पायांकडे जाणाऱ्या शाखा फुटतात तेथे, येऊन अडकलेली असते आणि पायांचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यामागे बहुधा हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असतो आणि तो अनेकदा या क्षणापर्यंत कोणाच्याही लक्षात आलेला नसतो. अशा वेळी लकवा समजून गरम तेलाने पाय चोळत बसणे किंवा सोमवारी दवाखाना उघडण्याची वाट पाहणे अक्षम्य आहे. चोळल्याने व शेकल्याने इजा वाढते, आणि वेदनाशामक उपचार शक्यतो तासाभरातच मिळायला हवे असतात. हा आजार गंभीर आहे आणि त्यात अनेक मांजरे दगावतात, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही जी पहिल्या हल्ल्यातून वाचतात त्यांच्यासाठी काही करता येते: 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत गुठळी पुन्हा होईपर्यंतचा काळ ॲस्पिरिन दिलेल्या मांजरांत मध्यकानुसार 192 दिवस, तर क्लोपिडोग्रेल दिलेल्यांत 443 दिवस आढळला.

मूळ आजार नसांत वा मेंदूत नसतानाही चाल बिघडते, हेही ध्यानात घेतले जात नाही. मांजर मागच्या पायांच्या टाचा टेकवून, सशासारखे बसके चालू लागले, तर पहिला संशय मधुमेहाचा घ्यावा. वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि साखर आटोक्यात आल्यावर ही चाल पुष्कळदा सुधारते. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्तातील पोटॅशियम घटले, की मान छातीकडे झुकते आणि मांजर ती वर उचलू शकत नाही. मान अशीच झुकण्याचे दुसरे कारण म्हणजे थायमिनची, अर्थात ब-1 जीवनसत्त्वाची, कमतरता, आणि त्याचा संबंध थेट आहाराशी आहे: काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन नष्ट करणारे विकर असते, म्हणून किनारपट्टीवरच्या घरांत रोज कच्ची मासळीच खाणारे मांजर धडधाकट दिसता दिसता झोकांड्या खाऊ लागते आणि पुढे त्याला झटकेही येतात. मासे शिजवल्याने हे विकर निष्प्रभ होते आणि वेळेवर दिलेल्या थायमिनने सुधारणा झपाट्याने होते. आवडते म्हणून महिनोन्महिने केवळ कलेजी घातल्यास साठणाऱ्या अ जीवनसत्त्वामुळे मानेचे मणके एकमेकांना जोडले जातात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1960च्या दशकातच दाखवले होते. साखर, पोटॅशियम, रक्तदाब, कानाची तपासणी, गाद्यांचा रंग आणि मांडीतली नाडी या पहिल्या पायरीच्या तपासण्या एमआरआयच्या मानाने फार स्वस्त असतात, आणि मोठ्या तपासणीचा खर्च परवडत नाही म्हणून यांनाही नकार देणे मांजरावर अन्यायाचे आहे.

‘औषध नाही’ हे विधान कालपरवापर्यंत ज्या आजाराबाबत खरे होते, त्याविषयीही ते आता खरे राहिलेले नाही. तरुण मांजरांतील मेंदूविकारांचे एक महत्त्वाचे कारण असलेला एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूच्या उत्परिवर्तनातून होणारा आजार, जवळजवळ नेहमीच प्राणघातक मानला जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जीएस-441524 या विषाणुरोधक औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 31 मांजरांपैकी 25 दीर्घकाळ जगली. त्यानंतर मेंदूत पसरलेल्या आजारातही अधिक मात्रेने यश आल्याची नोंद झाली. जुन्या माहितीवर विसंबून आजही ‘एफआयपी आहे, काही करता येणार नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा दुसरे मत अवश्य घ्यावे.

‘म्हातारे झाले, आता उड्या मारत नाही’ ही समजूत कमी भीतिदायक, पण तितकीच चुकीची आहे. 2002 मधील एका अमेरिकी अभ्यासात 12 वर्षांवरील 90 टक्के मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते फक्त उंच जागा सोडते, अंग चाटणे कमी करते, लिटर ट्रेच्या बाहेर घाण करू लागते, आणि यावर वेदनाशामक उपचार उपलब्ध आहेत.

इतर समजुतींना फार जागा देण्याची गरज नाही. मिशा कापल्याने तोल जात नाही. मिशा स्पर्शाचे अवयव आहेत, तोलाची यंत्रणा कानात असते. मांजर पायांवर पडते म्हणून त्याला इजा होत नाही, हेही खोटे. न्यूयॉर्कच्या इमारतींतून पडून रुग्णालयात आलेल्या 132 मांजरांचा 1987 मधील अभ्यास छाती, जबडा व पायांच्या जखमांनी भरलेला आहे, आणि त्यांतली बहुतेक वाचली ती उपचार मिळाल्यामुळे, म्हणून उंच इमारतीतील खिडक्यांना जाळी हवीच. कुत्र्याच्या गोचिडांचे औषध थोड्या प्रमाणात मांजराला चालते, ही समजूत विशेष घातक आहे. त्यातील परमेथ्रिन मांजराचे यकृत वेगाने निष्क्रिय करू शकत नाही, आणि थरथर, झोकांड्या व झटके काही तासांतच सुरू होतात. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कोणत्याही मात्रेत देऊ नये. आणि लस न टोचलेले, बाहेर फिरणारे मांजर एकाएकी लुळे पडून लाळ गाळू लागले किंवा स्वभाव बदलून चावू लागले, तर रेबीज नाही असे गृहीत धरून त्याला उघड्या हातांनी उचलू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम 15 मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी माणसाने लस घ्यावी.

निदान होईपर्यंतची आणि त्यानंतरची शुश्रूषा साधी असते, पण ती नेमकी करावी लागते. दवाखान्यात घाबरलेले मांजर अंग आखडून बसते आणि चाल दाखवत नाही, म्हणून घरातच मोबाइलवर चालण्याचे, खाण्याचे आणि बुबुळांचे चित्रण करून ते पशुवैद्यकाला दाखवावे. मांजराला एका लहान, सपाट खोलीत ठेवावे, गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी, पलंग व ओट्यांवर जाण्याचे मार्ग तात्पुरते बंद करावेत, वाट्या जड आणि किंचित उंचावर ठेवाव्यात, आणि लिटर ट्रेची एक कड इतकी कमी करावी की पाय उचलण्याची कसरत न करता आत जाता येईल. मान कललेल्या मांजराला उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घेऊन शरीराला आधार द्यावा, कारण हवेत लोंबकळल्यास त्याची चक्कर वाढते. पडून राहणाऱ्या मांजराची कूस दर काही तासांनी बदलावी. ओकारीमुळे वा भीतीमुळे दोन दिवस काहीही खाल्ले नाही, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून नवा जीवघेणा आजार सुरू होऊ शकतो, म्हणून भूक परतण्याची वाट पाहत बसू नये. मागचे पाय लुळे असलेल्या मांजराचे मूत्राशय पुष्कळदा स्वतःहून रिकामे होत नाही. ते हाताने दाबून रिकामे करण्याची रीत पशुवैद्यकाकडून समोर बसून शिकावी लागते, आणि दिवसभरात ट्रेमध्ये लघवीचा थेंबही दिसला नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.