वारंवार उठणारी खाज आणि रक्तातील साखर

जांघेत किंवा गुह्यभागी खाज सुटणे, अंगावरून दह्याच्या कवडीसारखे पांढरे जाणे, जिभेवर पांढरा थर साचणे या तक्रारी सहसा उघडपणे सांगितल्या जात नाहीत. स्त्रिया तर त्या घरातही लपवितात. दुकानातून एखादे मलम आणावयाचे, चार दिवस बरे वाटावयाचे आणि पुन्हा तेच, असा क्रम महिनोन्‌महिने चालू राहतो. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दबते, बुरशी मात्र फोफावते. या साऱ्यामागे मधुमेह दडलेला असू शकतो, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

कॅन्डिडा ही यीस्ट वर्गातील बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यांत एरवीही निरुपद्रवीपणे वास करीत असते. शरीराची प्रतिकारशक्ती आणि उपकारक जंतू तिला आटोक्यात ठेवतात. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे लाळ, लघवी व इतर स्रावांतही साखर वाढते आणि बुरशीला आयतेच खाद्य मिळते. त्याच वेळी जंतूंचा फडशा पाडणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. अर्थात, गरोदरपणात किंवा प्रतिजैविके घेतल्यानंतरही हा संसर्ग होतो. प्रत्येक खाज म्हणजे मधुमेह नव्हे. परंतु तो वर्षातून तीन-चार वेळा उद्भवत असेल, तर रक्ततपासणी टाळणे इष्ट नव्हे. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक आढळल्यास आणि फेरतपासणीतही तसेच दिसल्यास मधुमेहाचे निदान केले जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. वयाची ३० वर्षे ओलांडलेल्यांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत केली जाते. संकोचामुळे मागे राहणाऱ्या स्त्रियांना आशा सेविकेमार्फत तेथवर आणणे, हे काम ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांना सहज करता येण्याजोगे आहे.

आहाराविषयी गैरसमज पुष्कळ. इडली, ढोकळा, पाव यांनी हा संसर्ग वाढतो, ही समजूत निराधार होय. पावातील यीस्ट निराळ्या जातीचे असून भट्टीच्या उष्णतेने ते नष्ट होते. दहीही वर्ज्य नाही. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्याने रक्तातील साखरेत विशेष फरक पडत नाही. खरा हिशेब चहाच्या कपात दडलेला असतो. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे रोज चाळीस-पन्नास ग्रॅम साखर! ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, परंतु तीही पिष्टमयच. म्हणून तिचे प्रमाण बेताचे ठेवून जोडीला उसळ, डाळ व पालेभाजी अधिक घ्यावी. आहार सुधारल्याने साखर आटोक्यात येण्यास मदत होते. जडलेल्या संसर्गावर मात्र बुरशीनाशक औषधच घ्यावे लागते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहावरील गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. साहजिकच त्या घेणाऱ्यांना गुह्यभागी बुरशीचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो, पुरुषांनाही. तो जाणवल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. लघवीनंतर तो भाग पाण्याने धुऊन कोरडा ठेवावा.